जुन्या फोटोतला इंग्लिश कालवा आणि त्यावरची मालबोट कशी ओळखायची

इंग्लंडच्या जुन्या बाजारांत आणि लिलावाच्या संकेतस्थळांवर एका जातीचा फोटो हमखास सापडतो. विटांची भिंत, खाली संथ पाणी, पाण्यात लांबलचक काळपट बोट, काठावर दोन माणसं कॅमेऱ्याकडे टक लावून उभी. मागे पेन्सिलीत लिहिलेलं असतं, ‘कालवा, अंदाजे १९००’. विकणाऱ्याला ‘१९००’ हे साल फार आवडतं, कारण ते जुनं वाटतं आणि कुणी भांडत नाही.

असा फोटो नेमका कुठला, त्यातली बोट कुठल्या जातीची आणि साल साधारण कोणतं, हे बऱ्याच वेळा शोधता येतं. बर्मिंगहॅम-लेस्टरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या तर रोजच्या फिरण्यातले हे कालवे आहेत. पण पुण्यात किंवा नागपुरात बसूनही हे काम जमतं, कारण त्यासाठी लागणारे जुने नकाशे आता इंटरनेटवर फुकट आहेत. कुणाचे पणजोबा कापडधंद्याच्या निमित्ताने मँचेस्टरला राहून आले असतील, तर घरच्या पेटीतही असा एखादा फोटो निघू शकतो.

कामाचा क्रम मात्र मोडायचा नाही. बोट फिरते, विकली जाते, नवा रंग लावून दुसऱ्याच कंपनीत कामाला लागते. लॉक, पूल आणि मैलाचा दगड जागेवरून हलत नाहीत. म्हणून आधी जागा, मग बोट, आणि साल अगदी शेवटी. मागे लिहिलेला मजकूर त्याहूनही शेवटी वाचायचा. तो आधी वाचला की डोळे त्याच्याच बाजूने साक्ष द्यायला लागतात.

स्कॅन, आणि फोटो उलटा तर नाही ना

पोस्टकार्डाएवढा फोटो किमान १२०० डीपीआयला, रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅनमध्ये डाग, शाई आणि मूळ छटा वेगवेगळ्या कळतात. मूळ फाइल बाजूला ठेवायची आणि खटपट प्रतीवर करायची. स्कॅनरचं आपोआप धारदार करणं बंद ठेवा. आणि हल्ली फोन ज्या ‘एआय’ने जुने फोटो लख्ख करून देतो, त्याच्या नादी या कामात लागू नका. तो पुसट अक्षरं वाचत नाही, बेधडक नवी बनवतो. बोटीच्या केबिनवरचं अर्धवट नाव हा आपला सगळ्यात मोठा पुरावा, तोच बनावट निघाला तर पुढचं सगळं वाया.

मग फोटो सुलटा छापला आहे का ते बघा. काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापली की डावं-उजवं बदलतं, आणि तुम्ही नकाशावर पाण्याच्या चुकीच्या बाजूला गिरणी शोधत बसता. कुठेही एखादं अक्षर दिसलं तर प्रश्न मिटला. अक्षर नसेल तर पुरुषांच्या कोटाची बटणं बघा: पुरुषी कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो.

लॉकची रुंदी: अर्धं उत्तर इथेच

लॉक म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारी-उतरवणारी, दोन्हीकडे दारं असलेली पाण्याची कोठी. ज्या कालव्यावर लॉक जेवढं, तेवढीच बोट तिथे चालणार. अठराव्या शतकात प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीची मापं धरली. त्या वेळच्या व्यापाऱ्यांना त्याचा मनस्ताप झाला, पण आपलं भलं झालं.

मिडलँड्समधले, म्हणजे मध्य इंग्लंडमधले, बहुतेक कालवे अरुंद आहेत. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरच्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याने (१७७७ मध्ये पूर्ण) साधारण ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद लॉकचा पायंडा पाडला. त्यावर चालते ती नॅरोबोट: सत्तर फुटांच्या आसपास लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. लीड्स अँड लिव्हरपूल कालव्यावर गणित उलटं. तिथली बहुतेक लॉक सुमारे १४ फूट रुंद, पण लांबीला फक्त ६२ फूट. म्हणून तिथली ‘शॉर्ट बोट’ आखूड आणि पोटाळ दिसते. यॉर्कशरमधल्या काल्डर अँड हेबलवर लॉक आणखी आखूड, ५७ फुटांच्या घरात. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या ग्रँड जंक्शन, म्हणजे पुढच्या ग्रँड युनियन, कालव्यावर लॉक १४ फुटी, त्यात दोन नॅरोबोटी शेजारीशेजारी मावतात.

फोटोत फूटपट्टी नसते, पण विटा असतात. इंग्लिश विटेचे चार थर चुन्यासकट साधारण एक फूट भरतात. वीट लांबीला सुमारे ९ इंच. लॉकच्या भिंतीचे थर मोजा, दाराच्या रुंदीशी ताडून बघा. दाराजवळ माणूस उभा असेल तर काम आणखी सोपं. सात फूट आणि चौदा फूट यांत दुपटीचा फरक आहे, त्यामुळे अंदाज थोडा हुकला तरी निर्णय चुकत नाही. शिवाय दारं मोजा: अरुंद लॉकला वरच्या बाजूला सहसा एकच दार असतं, रुंद लॉकला दोन्हीकडे जोडदारं.

भिंतीचा मालही बोलतो. दगडी लॉक, दगडी पूल, मागे उघडे डोंगर असतील तर बहुधा पेनाइन डोंगररांग: लँकेशायर, यॉर्कशर. लाल विटा आणि काठाला गोलसर कडेच्या कठीण निळ्या विटा दिसल्या तर स्टॅफर्डशर-बर्मिंगहॅमकडे वळा. कृष्णधवल फोटोत त्या निळ्या विटा गुळगुळीत, गडद आणि थोड्या चमकदार दिसतात.

प्रत्येक कंपनीची खोड

रुंदीवरून पाच-सहा कालवे उरतात. त्यांतून एक निवडायला कंपन्यांच्या सवयी माहीत हव्यात.

माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे ट्रेंट अँड मर्सीचे बिडाचे मैलाचे खांब. दोन बाजूंना दोन गावं, शार्डलो आणि प्रेस्टन ब्रुक, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी ९२, कारण कालवाच ९२ मैलांचा. यांतल्या बऱ्याच खांबांवर ‘स्टोन १८१९’ असं ओतलेलं आहे. स्टोन हे ते खांब ओतले त्या गावाचं नाव. फोटोत एकच बाजू वाचता आली तरी वजाबाकीने दुसरी मिळते आणि जागा थेट मैलापर्यंत कळते. लीड्स अँड लिव्हरपूलच्या खांबांवर ही दोन शहरं असतात आणि बेरीज १२७ मैलांवर जाते.

पूल बघताना कमानीच्या कडा मोठ्या करून पाहा. घोड्याच्या दोराने घासून पडलेल्या खाचा किंवा कोपरा वाचवायला ठोकलेली लोखंडी पट्टी दिसेल. त्यावरून ओढवाट, म्हणजे बोट ओढणाऱ्या घोड्याची काठावरची वाट, कोणत्या बाजूला होती ते ठरतं, आणि नकाशाशी ताडताना हीच गोष्ट निकाल लावते. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर छोटे पूल मधोमध फट ठेवून बांधले आहेत, घोडा न सोडता दोर त्या फटीतून पलीकडे काढता यावा म्हणून. त्याच कालव्याच्या दक्षिण भागात लॉकवाल्यांची घरं अर्ध्या पिंपासारख्या छपराची आहेत. असं एक घर फोटोत आलं की बाकी शोध थांबवायला हरकत नाही. स्टॅफर्डशर अँड वूस्टरशरवर लॉकशेजारी जादा पाणी गिळणारी गोल विहिरीसारखी सांडवी. ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागात वजनाने तोललेले लाकडी उचलपूल. ग्रँड युनियनच्या बर्मिंगहॅमकडच्या टप्प्यात १९३० नंतर नवी रुंद लॉक झाली, त्यांची पाणी सोडायची यंत्रं तिरप्या जाड नळकांड्यांत बंद असतात. हॅटनची २१ नव्या रुंद लॉकची माळ १९३४ मध्ये सुरू झाली, म्हणून ती नळकांडी दिसली की तारखेची खालची हद्दही पक्की.

एक सापळा सांगून ठेवते. हॉर्सली कारखान्याचे नक्षीदार ओतीव लोखंडी पूल बर्मिंगहॅमची ओळख मानले जातात, पण तसेच पूल ऑक्सफर्ड कालव्यावर ब्राउन्स्टनलाही आहेत. एकट्या पुराव्यावर गाव ठरवू नये. दोन वेगळ्या गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतील तेव्हाच ‘नक्की’ म्हणायचं.

काही ठिकाणं मात्र इतकी एकमेव आहेत की त्यांच्यावरून सालसुद्धा निघतं. चेशरमधली अँडर्टनची बोटलिफ्ट, म्हणजे अख्खी बोट वर-खाली नेणारा पाळणा, १८७५ मध्ये पाण्याच्या दाबावर सुरू झाली आणि १९०८ पर्यंत विजेवर चालवण्यासाठी बदलली गेली. जुनीचा माथा मोकळा, नवीच्या डोक्यावर चाकं-दातेरींचा भला मोठा मंडप आणि बाजूंना तिरपे पाय. एका नजरेत फोटो १९०८ च्या अलीकडचा की पलीकडचा ते कळतं. मँचेस्टरजवळच्या बार्टनला दगडी कमानींचा जलसेतू, म्हणजे कालवाच वाहून नेणारा पूल, असेल तर तो ब्रिंडलीचा, १७६१ चा. लोखंडी, फिरणारा असेल तर १८९४ मध्ये खुल्या झालेल्या मँचेस्टर शिप कॅनालच्या काळातला.

आता बोट

पहिला प्रश्न: ओढतंय कोण? घोडा चौकटीबाहेर असला तरी दोर दिसतो. दोर बोटीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शातल्या छोट्या काठीवरून तिरपा काठाकडे गेला असेल तर पुढे घोडा, खेचर किंवा माणूस आहे. दोर सरळ पाण्याच्या मध्यावरून पुढे गेला असेल तर समोर इंजिनाची बोट आहे आणि ही तिची जोडीदार, ‘बटी’.

मागचं टोक बघितलं की खात्री होते. बटीला आणि घोडाबोटीला बाहेर लटकलेलं मोठं लाकडी सुकाणू असतं आणि त्यावर वर वळलेला लाकडी दांडा. इंजिनाच्या बोटीचं मागचं टोक गोलाकार आणि पाण्यावर पसरट, सुकाणू पाण्याखाली दडलेलं, वर फक्त नागमोडी वळणाची लोखंडी सळई. तिला बऱ्याचदा रंगीत पट्टे असतात. केबिनच्या छपरावर चुलीच्या नळकांड्याखेरीज दुसरी बारीक नळी उभी असेल तर ती इंजिनाच्या धुराची.

मागे केबिनच नसेल आणि बोटीची दोन्ही टोकं सारखी असतील, तर ती बहुधा बर्मिंगहॅमच्या जाळ्यातली रोजंदारीची ‘जोई’. खाणीतून कारखान्यात आणि परत, रात्री घरी. तिचं सुकाणू काढून दुसऱ्या टोकाला लावता येई, म्हणजे चिंचोळ्या जागेत बोट वळवायलाच नको.

यॉर्कशरात चौकोनी लोखंडी डब्यांची आगगाडी पाण्यात तरंगताना दिसली तर ती ‘टॉम पुडिंग’. एअर अँड काल्डर कंपनीचा इंजिनिअर विल्यम बार्थोलोम्यू याने १८६० च्या दशकात काढलेली ही युक्ती. गूल बंदरात अख्खा डबा उचलून त्यातला कोळसा जहाजात ओतत. रुंद बोटीवर डोलकाठी आणि एकच चौकोनी शीड असेल तर यॉर्कशर कील. तसंच अंग पण शीड लांबीत लावलेलं असेल तर हंबर स्लूप. सेव्हर्न नदीवरचा ‘ट्रो’ मागून सपाट, इंग्रजी डी अक्षर आडवं ठेवल्यासारखा दिसतो.

बोट पाण्यात किती बुडाली आहे हेही टिपून ठेवा. भरलेल्या नॅरोबोटीत पंचवीस टनांच्या आसपास माल असतो आणि काठ पाण्याला जवळजवळ टेकलेले असतात. रिकामी बोट उंच तरंगते, पुढचं टोक तर हवेतच. कोळशाची भरलेली बोट खाणीपासून दूर जात असणार आणि रिकामी खाणीकडे. यावरून फोटोतली दिशा लागते.

लँकेशायरच्या बोटींवर कापसाचे गठ्ठे दिसले तर आपल्याकडच्या वाचकाने जरा थांबावं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिथला कापूस आटला आणि मुंबईहून खानदेश-वऱ्हाडाचा कापूस लिव्हरपूलला उतरू लागला. तिकडे सगळ्याला मिळून ‘सुरत’च म्हणत, आणि आखूड धाग्यामुळे गिरणी कामगार त्याच्या नावाने बोटं मोडत. फोटोवरून गठ्ठा कुठला ते मात्र सांगता येत नाही. भावनेच्या भरात तसं लिहू नका.

केबिनवरची अक्षरं

पूर्ण नाव क्वचितच वाचता येतं, पण तुकडाही पुरतो. ‘फेलोज मॉर्टन अँड क्लेटन’ ही सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक. नावात ‘क्लेटन’ असेल तर फोटो १८८९ नंतरचा, कारण त्या वर्षी दोन व्यवसाय एकत्र आले. १९४८ मध्ये तिचा धंदा बंद झाला. ‘श्रॉपशर युनियन’च्या स्वतःच्या मालबोटी १९२१ मध्ये थांबल्या. ‘ब्रिटिश वॉटरवेज’ असेल तर १ जानेवारी १९४८ च्या कालव्यांच्या राष्ट्रीयीकरणानंतरचा. ओल्डबरीचे थॉमस क्लेटन हे वेगळे क्लेटन, घोटाळा करू नका. त्यांच्या बोटी वरून सपाट झाकलेल्या, आत डांबर नि तेल, आणि नावं नद्यांची. ते १९६६ पर्यंत चालले. ओव्हल्टीनच्या कारखान्याच्या कोळसाबोटींवर तर पेयाची जाहिरातच रंगवलेली असे.

कंपनीच्या नावाहून कामाची गोष्ट म्हणजे खालची बारीक ओळ. १८७७ च्या कॅनल बोट्स कायद्याने कुटुंबं राहत असलेल्या बोटींची नोंदणी सक्तीची केली आणि नोंदणीचं गाव व क्रमांक बोटीवर रंगवायला लावला. ‘बर्मिंगहॅम, अमुक क्रमांक’ एवढं वाचता आलं की त्या गावच्या नोंदवहीत बोटीचं नाव, मालक आणि केबिनमध्ये किती माणसांना राहायची परवानगी होती ते सापडू शकतं. त्या वह्या आता स्थानिक दप्तरखान्यांत आहेत. मात्र गाव नोंदणीचं आहे, फोटोचं नव्हे. बर्मिंगहॅमला नोंदलेली बोट लंडनच्या धक्क्यावर उभी असणं रोजचंच.

रंगाबद्दल थोडक्यात, पण जपून. जुन्या फिल्म आणि काचांना तांबडा रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. निळा मात्र जवळजवळ पांढरा. सगळ्या रंगांना नीट पकडणारी फिल्म १९२० आणि १९३० च्या दशकांत रुळली. फेलोज मॉर्टनने १९२० च्या दशकात काळा-पांढरा सोडून तांबडा-पिवळा-हिरवा घेतला, पण जुन्या पद्धतीच्या फिल्मवर त्यातला तांबडा काळाच दिसणार. तेव्हा ‘केबिन काळी, म्हणून आधीचा फोटो’ हा युक्तिवाद टिकत नाही. आकाश एकदम पांढरंफटक असेल तर छटांवर विसंबू नका.

साल ठरवताना

नवी वस्तू तारीख सांगते, जुनी वस्तू काहीच सांगत नाही. इंजिनाची बोट दिसली आणि ते इंजिन वाफेचं नसेल, तर फोटो साधारण १९१२ नंतरचा, त्या सुमाराला फेलोज मॉर्टनने तेलावर चालणारं बोलिंडर इंजिन बसवायला सुरुवात केली (वाफेच्या बोटी त्याआधीही होत्या). पण घोडा दिसला म्हणून फोटो १९१२ आधीचा ठरत नाही, कारण बर्मिंगहॅमच्या बाजूला घोडे १९५० नंतरही ओढत होते. ‘अंदाजे १९००’ लिहिणारे नेमके इथे फसतात.

म्हणून फोटोत सगळ्यात नवं काय ते शोधा, तेही बोटीपासून दूर. विजेचे उंच जाळीदार मनोरे: पहिला १९२८ मध्ये उभा राहिला. घराच्या धुराड्यावर टीव्हीचा अँटेना: बर्मिंगहॅमच्या आसपास डिसेंबर १९४९ नंतर, कारण सटन कोल्डफिल्डचं प्रक्षेपण केंद्र तेव्हा सुरू झालं. वरच्या टोकाची हद्द मालवाहतुकीच्या शेवटाने मिळते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि अनेकांचा उरलासुरला धंदा बसला. लंडनच्या एका जॅम कारखान्याला कोळसा नेणारी शेवटची मोठी नियमित फेरी १९७० मध्ये संपली.

पोस्टकार्ड असेल तर पाठ बघा. मध्ये रेघ मारून पत्त्याला आणि मजकुराला वेगळी जागा ब्रिटनमध्ये १९०२ पासून आली. अर्ध्या पेनीचं टपाल १९१८ पर्यंत. शिक्क्यावरची तारीख ही पाठवण्याची. फोटो त्याआधी दहा वर्षं काढलेला असू शकतो, कारण खपणारं चित्र छापणारे पुन्हापुन्हा वापरत.

एक फोटो सोडवून बघू

समजा, समोर दोन अरुंद लॉक शेजारीशेजारी आहेत. एकात बोट उतरते आहे, केबिनवर ‘…टन अँड क्ले…’ एवढंच दिसतं. मागच्या टोकाला नागमोडी सळई. काठावर मैलाचा खांब, त्यावर ‘…ब्रुक २६’.

जोडीची अरुंद लॉक म्हणजे चेशरमधला ट्रेंट अँड मर्सीचा उतार आठवतो. पण ऑक्सफर्ड कालव्यावर हिलमॉर्टनलाही जोडलॉक आहेत, म्हणून थांबायचं. ‘ब्रुक’ने ती शंका फिटते: प्रेस्टन ब्रुक. ९२ मधून २६ गेले, शार्डलो ६६. आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचा २५ इंची (एका मैलाला २५ इंच) नकाशा उघडा. मैलाच्या खांबाला त्यावर ‘एम.पी.’ आणि पादचारी पुलाला ‘एफ.बी.’ अशी खूण असते. व्हीलॉक आणि किड्सग्रोव्ह यांच्या मधल्या टप्प्यात खांब हेरा. मग ओढवाट कुठल्या हाताला, पूल लॉकच्या वर की खाली, घर किती अंतरावर, या तीन गोष्टी फोटोशी जुळतात का ते पाहा. तिन्ही जुळल्या तर लॉक सापडलं. दोन जुळल्या आणि तिसरी नाही, तर शेजारचं लॉक तपासा किंवा फोटो उलटा छापला आहे का ते परत बघा.

साल? ‘क्लेटन’मुळे १८८९ ते १९४८. इंजिन वाफेचं नसेल तर त्यामुळे १९१२ नंतर. मनोरा किंवा अँटेना नसणं हा पुरावा नाही, त्याला हात लावायचा नाही. एवढ्यावर ‘१९१२ ते १९४८’ हेच प्रामाणिक उत्तर. बोटीचं नाव मिळालं आणि ती कधी बांधली ते कळलं, तर खालची हद्द आणखी वर सरकेल. त्यासाठी एल्समेर पोर्टच्या राष्ट्रीय जलमार्ग संग्रहालयातल्या दप्तरखान्याला स्कॅन पाठवून विचारता येतं. विचारताना ‘हे काय आहे?’ असं मोघम लिहू नका. वर काढलेलं सगळं कारणांसकट कळवा, म्हणजे समोरच्याला नेमकं तपासता येतं.

शेवटी फाइलला नाव देताना आणि मागे लिहिताना तीन रकाने करा: नक्की, बहुधा, आणि शक्य. प्रत्येकासमोर कारण. ‘ट्रेंट अँड मर्सी: नक्की, मैलाचा खांब. अमुक क्रमांकाचं लॉक: बहुधा, नकाशा. १९३० च्या आसपास: शक्य, टोप्यांवरून.’ आधीच्या माणसाने लिहिलेलं ‘अंदाजे १९००’ खोडू नका, त्याच्या खाली आपलं लिहून तारीख घाला. लिहायचं ते मऊ पेन्सिलीनेच, फोटो पालथा कडक पाटीवर ठेवून, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि तो नेमका बोटीच्या नावावरूनच जातो.